हा आणि यापुढचे

“मॅडम, मशिनं आठ आणि माणसं नऊ. आता मी काय करू, ते तुम्हीच सांगा.”

फोनवर विजयमालाताई होत्या, सांगलीतल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरच्या इन्चार्ज सिस्टर. एरवी त्या अपेक्षाला फोन करायच्या तो प्रिंटर अडला म्हणून किंवा पासवर्ड विसरला म्हणून. आधी चहा झाला का विचारायच्या, घरच्यांची चौकशी करायच्या, मग मुद्द्यावर यायच्या. आज त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही.

“नऊ कसे? आठाच्या वर नाव लागतच नाही सिस्टिममध्ये.”

“लागलेलंच नाही. तीच तर भानगड आहे. हरणाबाई म्हणून पेशंट आहेत, जतकडच्या. सोमवार-गुरुवार असतात. या आठवड्यात त्यांना यात्रेला जायचं होतं, म्हणून मी महिन्यापूर्वी त्यांचा गुरुवार उचलून शुक्रवारी टाकला होता. माझ्या हातानं टाकला होता, मॅडम. आज त्या आल्यात, तर शुक्रवारी त्यांचं नावच नाही. आणि काल गुरुवारी मी रजेवर होते, तर दुसऱ्या सिस्टरनी त्यांना गैरहजर लावून ठेवलंय.”

“मधे काही बदल केला होता का त्यांच्या वेळेत?”

“केला की. दुपारची वेळ सकाळची केली. संध्याकाळची गाडी बंद झाली त्यांच्या गावाची. तो प्रश्न येतो ना, ‘फक्त हा’, ‘हा आणि यापुढचे’, ‘सगळे’? त्यात मधलं दाबलं मी. बरोबर ना?”

“बरोबरच,” अपेक्षा म्हणाली, आणि तिचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला. काय झालं असणार, ते तिला स्क्रीन उघडण्याआधीच कळलं होतं.

अपेक्षा विश्रामबागेतल्या एका चार माणसांच्या कंपनीत कामाला होती. छोट्या दवाखान्यांसाठी वेळा लावायचा प्रोग्राम ही कंपनी बनवायची, आणि त्यातलं कॅलेंडर अपेक्षाकडे होतं. कराडला इंजिनिअरिंग, मग पुण्यात सहा वर्षं नोकरी, आणि आई गेल्यावर वडील एकटे पडले म्हणून परत सांगली. नातेवाईक विचारायचे, काय करतेस? ती सांगायची, कॅलेंडरचं काम करते. त्यावर तासगावच्या आत्याने दरवर्षी न चुकता म्हणायचं, “मग एक भिंतीवरचं आमालाबी पाठव की गं.” सुरुवातीला ती समजावून सांगायची. आता दर डिसेंबरात बाजारातून एक विकत घेऊन पाठवून द्यायची.

तिचं काम बोलायला सोपं होतं. एखाद्याचा दर सोमवारचा डायलिसिस लावला, म्हणजे कॅलेंडर काही शेकडो सोमवार लिहून ठेवत नाही. ते एकच नियम ठेवतं: दर सोमवारी, अमुक वाजता. एखादा दिवस हाताने हलवला, तर त्या दिवसापुरता अपवाद त्या नियमाला अडकवून ठेवतं. घोळ होतो तो मधूनच नियम बदलला की. माणसाला वाटतं, आपण यापुढची वेळ बदलली. कॅलेंडर मात्र जुना नियम तिथे कापून संपवतं आणि नव्या ओळखीचा दुसराच नियम सुरू करतं. पुढच्या तारखांचे जे अपवाद जुन्याला अडकवलेले असतात, ते आपण होऊन नव्याकडे येत नाहीत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते एकेक उचलून आणायचे असतात.

हे अपेक्षाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी लिहिताना तिने त्या जागी स्वतःसाठीच एक ओळ टाकून ठेवली होती: ‘पुढचे अपवाद — नंतर बघू.’ एखादा दिवस आधी हलवायचा आणि मग त्याच माणसाची वेळ कायमची बदलायची, असं कोण कशाला करतंय, असं तेव्हा वाटलं होतं.

तिने कपाटातून हेल्मेट काढलं. कंपनी चालवणाऱ्या धैर्यशीलने विचारलं, “अगं, इथूनच कर की दुरुस्त. जातेस कशाला?”

“इथून तारीख दुरुस्त होईल. मशीन नाही मिळणार.”

तिथे जाऊनही आपल्याला मशीन मिळणार नाही, हे तिला गाडी चालू करताना समजलं. तरी ती गेली.

सेंटरच्या बाहेरच्या लांब बाकावर ती दोघं बसली होती. हरणाबाई साठीच्या आसपास असतील. डोळ्यांखाली, पायांवर सूज होती, आणि वाक्य संपायच्या आधी श्वास संपत होता. अंगावर नवं हिरवं लुगडं होतं आणि केसांच्या मुळाशी भंडाऱ्याचा पिवळा रंग अजून अडकलेला होता. शेजारी त्यांचे यजमान, गुंडामामा. डोक्याला पटका, मांडीवर पिशवी. पिशवीवर दोन्ही हात ठेवून ते विजयमालाताईंशी बोलत होते. आवाज चढलेला नव्हता.

“बाई, तुमी शुक्रवार दिलाता. आज शुक्रवारच हाय न्हवं?”

“शुक्रवारच आहे, मामा.”

“मग आमी चुकलो न्हाई.”

“तुम्ही नाही चुकला. कॉम्प्युटरमधून तो दिवस उडाला.”

“तसं आसंल,” गुंडामामा म्हणाले. कॉम्प्युटरवर त्यांचा रागही नव्हता आणि विश्वासही नव्हता. “पर हिला आता दम निगंना. सोमवारपास्नं मशिनीवर न्हाई ती. यात्रंत चार घोट पाणी जास्त झालंया. मी बघत हुतो, पर देवाच्या दारात बाईमाणसाच्या हातातनं तांब्या कसा काढून घ्यावा?”

आत सकाळच्या पाळीचे आठ जण लागलेले होते. ते उठल्यावर दुपारचे आठ, मग संध्याकाळचे आठ. डॉक्टर येऊन हरणाबाईंची छाती तपासून गेले होते. संध्याकाळपर्यंत थांबवू नका, एवढंच ते विजयमालाताईंना हळू आवाजात म्हणाले होते. दुसऱ्या हॉस्पिटलला फोन झाला होता, तिथेही जागा नव्हती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाळासो बसले होते. गुळाचे अडते. जन्मभर मार्केट यार्डात गुळाची ढेप फोडून जिभेवर चव बघितली, आणि आता साखरेनेच मूत्रपिंडं खाल्ली. त्यांची पाळी दुपारची, पण ते तासभर आधी येऊन बसायचे आणि पंखा, पाणी, सिस्टर, सरकार, सगळ्यांना नावं ठेवायचे. मघापासून ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून होते. पान काही उलटलं जात नव्हतं.

“सिस्टर,” शेवटी ते कागदाआडूनच म्हणाले, “उद्या सकाळी कोण न्हाई का?”

विजयमालाताईंनी स्क्रीन पाहिली. “उद्या सकाळी एक जागा आहे. एक जण पुण्याला गेलेत.”

“मग मला उद्या घाला. ह्या बाईस्नी माझ्या जागंवर घ्या.”

“डॉक्टरांना विचारावं लागेल, काका.”

“विचारा की. मी काय पळून चाललोय?”

डॉक्टरांनी बाळासोंचं वजन बघितलं, पाय दाबून बघितले, आणि उद्या सकाळी चालेल म्हणाले. विजयमालाताई बदल करायला बसल्या, तेव्हा बाळासो उठून काउंटरपाशी आले.

“हां, पर बघा, फक्त आजचाच बदला. ते मधलं दाबू नका. न्हाईतर माझा कायमचा शनिवार हून बसंल, आन परत या मॅडमना गाडी काढून यावं लागंल.”

अपेक्षाला हसू आलं आणि लाजही वाटली. तिने स्वतः पुढे होऊन ‘फक्त हा’ वर बोट ठेवलं आणि ते लागलं की नाही, हे दोनदा तपासलं.

दुपारी हरणाबाई मशीनवर लागल्या. गुरुवारची गैरहजेरी काढून शुक्रवार लावून दिल्यावर अपेक्षाचं तिथलं काम खरं म्हणजे संपलं होतं. विजयमालाताईंनी तिला अंगावर घालायला गाऊन दिला, आणि ती खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. नळ्यांतून रक्त फिरत होतं, मशीन मधूनच टुक करत होतं. तासाभराने हरणाबाईंचा श्वास जरा खाली बसला. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“तूच व्हय ती, वार लावनारी?”

“हो, मावशी. चूक माझ्या प्रोग्रामची झाली. तुमचा शुक्रवार त्यानं पुसून टाकला.”

“पुसू दे. यात्रा तर न्हाई पुसली?”

अपेक्षाने स्टूल खाटेच्या आणखी जवळ घेतलं.

“दोन वर्सं गेले न्हवते बिरोबाला. सोमवार, बेस्तरवार, सोमवार, बेस्तरवार. देवाला काय सांगावं, तुजा वार मशिनीला दिलाय म्हून?” त्या थांबल्या, दम घेतला. “औंदा गेले. ढोल ऐकलं. आमच्या धाकट्या दिराच्या अंगात आलं, तर पोरं त्येचा फोटू काढाय लागली. लय हसले मी. एवढी हसले, की ह्येंनी मला खाली बसवलं.”

मग त्यांनी अपेक्षाच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. “माझं नाव हाय व्हय त्यात?”

“आहे. दाखवू?”

तिने सेंटरचं कॅलेंडर उघडलं. सोमवारी एक हिरवी पट्टी, गुरुवारी एक हिरवी पट्टी, वर नाव. हरणाबाईंना वाचता येत नव्हतं, पण आपली पट्टी कुठली ते त्यांनी बोटाने धरून ठेवलं. अपेक्षा महिना पुढे सरकवत गेली. वैशाख, आषाढ, गणपती, दिवाळी. मग पुढचं वर्ष. मग त्याच्या पुढचं. हिरव्या पट्ट्या येतच राहिल्या.

“हे कुटवर हाय?”

“कुठवरही. शेवटची तारीख टाकलेली नसते. कुणाचीच नसते.”

हरणाबाईंनी पट्टीवरचं बोट उचललं. मग दाराच्या काचेतून डोकावणाऱ्या नवऱ्याकडे बघून त्यांनी मोकळा हात हलवला. सिस्टरने दार किलकिलं केलं.

“आवं, ह्या पोरीनं बगा मला किती दिस लावून दिल्यात! सरतच न्हाईत.”

गुंडामामांनी तिथूनच अपेक्षाकडे पाहिलं. “लय झालं,” ते म्हणाले. “येवढं तर मी बिरोबालाबी मागितलं न्हवतं.”

पुढच्या आठवड्यात अपेक्षाने दुसरं काही केलं नाही. धैर्यशील आधी कुरकुरला. इस्लामपूरच्या एका दवाखान्याचं काम अर्धवट होतं.

“दोन वर्षांत एकदा झालंय असं,” तो म्हणाला.

“दोन वर्षांत एकदा कळलंय.”

त्याने इस्लामपूरला फोन करून चार दिवस मागून घेतले, आणि दुपारी तिच्या टेबलावर न सांगता चहा आणून ठेवला.

वाटलं होतं त्यापेक्षा काम अवघड निघालं. नियम कापताना पुढचे सगळे अपवाद शोधायचे, नव्या नियमाला नेऊन जोडायचे, इतपत ठीक होतं. पण जोडताना काय धरायचं? हरणाबाईंचा शुक्रवार दुपारी होता. त्यानंतर त्यांची वेळच सकाळची झाली. मग शुक्रवार दुपारीच ठेवायचा की तोही सकाळी न्यायचा? तिने विजयमालाताईंना फोन लावला.

“ते मावशींना विचारल्याशिवाय मला कसं कळणार?” त्या म्हणाल्या.

ज्यांना कळायला हवं त्यांनाच ते विचारल्याशिवाय कळत नव्हतं, मग प्रोग्रामला कुठून कळणार? आपला प्रोग्राम कुणाला फारसे प्रश्न विचारत नाही, याचा अपेक्षाला आजवर अभिमान होता. आता तिने त्यात एक प्रश्न मुद्दाम घातला. कुणाचाही नियम मधून कापायचा झाला, की पुढे हाताने बदललेले त्या माणसाचे दिवस एकामागोमाग समोर यायचे, आणि प्रत्येकाचं काय करायचं ते सांगितल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही.

बोलता बोलता विजयमालाताईंकडून आणखी एक गोष्ट कळली. पेशंट गेला, की सेंटरमध्ये ‘सगळे’ दाबून नाव काढायचे. त्याने पुढचे दिवस जायचे तसे मागचेही जायचे. वर्ष-दीड वर्ष आठवड्यातून दोनदा येऊन गेलेली माणसं, कॅलेंडरमध्ये कधी आलीच नव्हती अशी होऊन बसायची.

“आम्हाला वाटायचं, तसंच करायचं असतं,” त्या म्हणाल्या.

अपेक्षाने तेही बंद केलं. होऊन गेलेल्या दिवसाला यापुढे कुठल्याच बटणाने हात लागणार नव्हता.

त्यानंतर सेंटरला गेली की ती हरणाबाईंच्या खाटेशी थांबायची. एकदा त्यांनी तिला बाजरीची भाकरी आणि ठेचा आणून दिला, आणि ती खाताना टक लावून बघत बसल्या, कारण ठेचा त्यांना स्वतःला बंद होता. “तिखट हाय का? नीट सांग,” असं दोनदा विचारलं. तिच्या लग्नाचंही विचारलं. जमलं की कळव, आमी एक कोकरू देऊ म्हणाल्या, आणि सांगलीत कोकरू बांधणार कुठे, यावर मग बराच वेळ चर्चा झाली.

गणपती होऊन गेल्यावर एका सोमवारी अपेक्षा सेंटरमध्ये नवीन प्रिंटर जोडून देत होती. दार ढकलून गुंडामामा आत आले. सवयीने वहाणा त्यांनी दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या. विजयमालाताईंनी त्यांच्या पाठीमागे पाहिलं.

“मावशी खाली आहेत का? व्हीलचेअर पाठवू?”

“न्हाई बाई. ती न्हाई येनार आता.”

विजयमालाताई उभ्या राहिल्या.

“परवा पहाटंला गेली. झोपंतच. तरास न्हाई झाला काय.” ते काउंटरला धरून उभे होते. “काल सगळं उरकलं.”

“मामा, अहो फोन करायचा. एवढ्या लांबून एकटे कशाला आलात?”

“पोरगा म्हनला, फोन करतो. मीच नगं म्हनलं. तीन वर्सं हितं येत हुतो आमी. तुमी तिला सुया टोचल्या, तिचं हातपाय पुसलं. त्ये फोनवर सांगाय बरं वाटंना.” ते थांबले. “आन तिची जागा आडून ऱ्हायला नगं. कुनीतरी वाट बघत आसंल.”

वाट बघणारे होते. यादीत पहिलं नाव पलूसच्या एका तरुणाचं होतं, अमृत नावाच्या. आठ दिवस तो कुठे जागा मिळेल तिथे फिरून डायलिसिस करून घेत होता. विजयमालाताईंनी सिस्टरला त्याला फोन करायला सांगितलं, आणि स्वतः स्क्रीनसमोर बसल्या. त्यांनी हरणाबाईंची आजची हिरवी पट्टी उघडली. मग माऊसवरचा हात काढून घेतला आणि चष्मा पुसू लागल्या.

“मॅडम, तुम्ही करता का?”

अपेक्षा त्यांच्या खुर्चीवर बसली. गुंडामामा काउंटरला वळसा घालून मागे येऊन उभे राहिले. तिने ‘हा आणि यापुढचे’ निवडलं आणि खाली ‘बंद करा’.

स्क्रीनवर प्रश्न आला. तिनेच लिहिलेला होता. पुढे हाताने बदललेला एक दिवस आहे. ठेवायचा की काढायचा?

“काय म्हनतंय त्ये?” गुंडामामांनी विचारलं.

“दिवाळीतला एक दिवस आहे, मामा. सोमवारचा मंगळवार केलेला.”

“भाऊबीज,” ते म्हणाले. “भावाकडं जायाचं हुतं तिला. मागल्या महिन्यातच सांगून ठेवलंतं बाईंना.” त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. “त्योबी काढा.”

अपेक्षाने तोही काढला. पुढच्या पट्ट्या गेल्या. त्या जाताना काही आवाज झाला नाही, नुसती पांढरी जागा राहिली.

“आन मागलं?”

“मागचं सगळं आहे.” तिने महिने उलटे सरकवले. श्रावण, आषाढ, चैत्र, गेलं वर्ष. गुंडामामा वाकून बघत होते. चैत्रात एका गुरुवारी पट्टी नव्हती, शुक्रवारी होती. तिथे ते क्षणभर जास्त थांबले, की तिला तसं वाटलं. मग “ऱ्हाऊ दे,” म्हणून सरळ झाले.

विजयमालाताईंनी चहा मागवला. मामांनी तो घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि गाडी एकला आहे म्हणून बाहेर बाकावर जाऊन बसले.

तासाभरात अमृत आला. पंचविशीचा, रंग उडालेला, आणि सोबत त्याची बायको राणी. त्याला लगेच आत घेतलं. राणी हातात त्याचा शर्ट आणि फाइल घेऊन दाराशी उभी राहिली. कुठे बसावं, किती वेळ बसावं, तिला काहीच ठाऊक नव्हतं.

“हिकडं ये पोरी,” गुंडामामा म्हणाले. “तितं पंख्याचं वारं लागत न्हाई. चार तास हाईत, उभी किती ऱ्हाशील?”

ती येऊन बाकाच्या कडेवर टेकली.

“पयल्यांदा थंडी वाजती त्येंना. फुडच्या बारीला चादर आन घरची. हितली पातळ हाय. आन सुई काढल्यावर कापूस दाबून धरायचा, लगीच बघायला उचलायचा न्हाई. झाल्यावर गळाटून जात्यात, तवा गाडीत खिडकीला तू बस, त्येंना आतल्या अंगाला घे. झोपंत डोकं आपटतंय.”

राणी ऐकत होती. डोळ्यांतलं पाणी तिने त्या शर्टालाच पुसलं. “तुमचं कोण आहे आत?” तिने विचारलं.

गुंडामामांनी पटका सारखा केला. “आता कोन न्हाई. गाडीला येळ हाय म्हून बसलोय.”

अपेक्षा प्रिंटरचा रिकामा खोका घेऊन बाहेर निघाली होती. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि एक नवी सिस्टर बाहेर डोकावली.

“पेशंटबरोबर कोण आहे? आत या जरा.”

गुंडामामा पिशवी सावरत अर्धे उठले होते. मग तसेच हळूच खाली बसले आणि राणीच्या कोपराला हात लावला.

“जा,” ते म्हणाले, “तुला बोलावत्यात.”